दाजींची पंधरा मिनिटं

लग्नाहून आलेल्या माणसाला आमच्याकडे विचारतात, किती पंगती उठल्या? दाजी विचारायचे, "लोड किती होता?" समोरचा गडबडला की स्वतःच बोटांवर बेरीज मांडायचे. मंडपातले हॅलोजन, आइस्क्रीमचा फ्रीजर, स्टेजमागचं ते फिरणारं चक्र, डीजे. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "साठ किलोवॅट. त्यातलं चाळीस नुसतं बोंबलण्यावर गेलं."

लातुरात त्यांच्या गल्लीतली लाईट गेली की लोक तक्रारीच्या नंबराआधी दाजींना हाक मारतात. दाजी ओट्यावर येतात आणि गेलेल्या लाईटची चौकशी डॉक्टरसारखी करतात. दोनदा मिचकावून गेली का? आधी पिवळी पडली का? का धडधाकट माणूस बसल्या जागी जावा तशी गेली? सगळं ऐकून घेऊन सांगतात, "कोपऱ्यावरच्या खांबाचा जंप तुटलाय. दोन तास." आणि दोन तासच लागतात.

या माणसाशी मी एक लबाडी केली आणि ती सहा वर्षं तशीच झाकून ठेवली. तेच सांगायला बसलोय. पण आधी माणूस नीट दिसला पाहिजे, नाहीतर तुम्ही माझ्याच बाजूचे व्हाल. मी बोलायला बरा आहे.

दाजी माझ्या कुठल्याही बहिणीचे नवरे नाहीत. आमची पहिली भेट झाली ती घानात, पश्चिम आफ्रिकेत, समुद्रकाठच्या एका वीजकेंद्रात. मी नवी पदवी आणि नवे बूट घालून इंजिन हॉलमध्ये शिरलो तेव्हा एका इंजिनाखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. पायांनी विचारलं, "कुठलं गाव?"

"नांदेड."

"नांदेडात सगळे भाड्यानं ऱ्हातेत. मूळ गाव सांग."

"कंधार."

पाय आत गेले आणि दुसऱ्या बाजूनं मिशांसकट आख्खा माणूस बाहेर आला. हात पुसले न पुसले, मला कवटाळलं. माझ्या नव्या शर्टावर दोन पंजे उमटले. "आमच्या घरातली कंधारची हाय! म्हंजी तू मेव्हणा झालास की रे!"

बायकोच्या गावचा प्रत्येक पुरुष हा तिचा भाऊ, हा आमच्याकडचा कायदा. त्यात गल्ली बघत नाहीत आणि समुद्रापलीकडे गेला म्हणून तो सुटतही नाही. मेव्हण्याची यथेच्छ टिंगल करायची, त्याला राबवून घ्यायचं, आणि उपाशी मात्र ठेवायचं नाही. दाजींनी तिन्ही कलमं काटेकोर पाळली. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "ओ मेव्हणे!" अशी आरोळी जाई. आठ दिवसांत सगळ्या केंद्राला वाटू लागलं की माझं नावच ते आहे. ड्युटीच्या फळ्यावर तेच लिहू लागले. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

दाजी रेणापूरजवळच्या खेड्यातले. आयटीआय केलेले डिझेल मेकॅनिक. आधी विहिरीवरची इंजिनं, मग साखर कारखाना, आणि तिथून एका ठेकेदाराबरोबर थेट आफ्रिका. केंद्रात पाच इंजिनं होती. एकेक एवढं की एका एसटीवर दुसरी एसटी ठेवावी. त्या देशाची बरीचशी वीज व्होल्टा नदीवरच्या धरणातून येते. धरणाचं पाणी उतरलं की आमच्यासारख्या तेलावरच्या केंद्रांना घाम गाळावा लागतो. त्यामुळे दाजी सकाळी कामावर येताच पहिला प्रश्न टाकत, "धरणात पाणी किती?" तिथल्या लोकांना याचं कौतुक वाटे. त्यांना काय माहीत, लातूरचा माणूस घरचं खुशालीचं पत्रसुद्धा याच वाक्यानं सुरू करतो.

तिथले लोक लाईटच्या जाण्यायेण्याला 'डुमसोर' म्हणतात. डुम म्हणजे विझव, सोर म्हणजे पेटव. दाजींना तो शब्द कळला त्या दिवशी ते फार खूष झाले. "आपल्याकडं एवढ्या वर्षांत एक नीट नाव ठेवता आलं न्हाई," म्हणाले.

इंजिन हॉलमध्ये दाजी फक्त मराठी बोलत. सगळ्यांशी. पाच इंजिनांच्या गदारोळात इंग्रजीही ऐकू येणार नव्हती, मग घरची भाषा काय वाईट, असा त्यांचा हिशेब. हातवारे सोबतीला होतेच. तळहात खाली दाबला की लोड कमी कर. बोट फिरवलं की सुरू कर. गळ्याखाली दोन बोटं म्हणजे माझ्या चहाचं बघ. अबेना नावाची एक शिकाऊ मुलगी त्यांच्या हाताखाली होती. ती सहा महिन्यांत 'लई', 'बास' आणि 'हळू' हे तीन शब्द शिकली. दाजींच्या मते इंजिन चालवायला चौथा लागत नाही. अबेना म्हणजे मंगळवारी जन्मलेली. त्यांच्याकडे वारावरून नाव ठेवायची रीत आहे. दाजी म्हणाले, "मग आमच्याकडं काय येगळं हाय? सोमा, मंगळ्या, बुधा. तू आमची मंगळाबाई."

आता त्या काळ्या तेलाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं.

ही इंजिनं जे तेल जाळतात ते डांबराच्या चुलतभावासारखं असतं. तापवलं तर वाहतं, गार झालं की थिजतं. म्हणून इंजिन विश्रांतीला बंद करायचं असेल तर आधी त्याला पंधरा मिनिटं साध्या डिझेलवर चालवायचं, म्हणजे नळ्यांतलं सगळं काळं तेल जळून जातं. दाजींच्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. ते नव्या पोरांना सांगत, "ह्याला पाक समज. गरम हाय तवर तुझं ऐकतंय. गार झालं की कढईसकट डोक्यावर घेऊन हिंड." मी मग त्याचं इंग्रजी करून सांगे, आणि कढई म्हणजे काय ते अबेना हातानं दाखवे.

कामाची वाटणी अशी होती. खाली इंजिनापाशी दाजी वाल्व्ह फिरवून डिझेल चालू करायचे. वर काचेच्या खोलीत मी पॅनलवर बसून पंधरा मिनिटं मोजायची आणि मग बटण दाबून इंजिन बंद करायचं. ती पंधरा मिनिटं दाजी तेलाच्या नळीवर पालथा हात ठेवून उभे राहत. घड्याळ बघत नसत. हात उचलला की मी बघावं, तर पंधरा झालेली असत. "चौदा चालत न्हाईत का, दाजी?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुझ्या आईनं तुला नऊ महिने ठेवला का आठ?" मी म्हणालो, "आठ. मी सातव्याच्या शेवटालाच आलो असतो म्हणे." दाजींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तरीच," म्हणाले.

त्या वर्षी येळवस आली. लातूरकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. शहरात संचारबंदी लागल्यासारखी सामसूम होते. भज्जी, उंडे, आंबील, खीर. शेतात कडब्याच्या कोपीत पाच पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात, आणि पिकाभोवती आंबील शिंपडत फिरतात. दाजींनी परदेशातली एकही येळवस चुकवली नव्हती. तेलटाक्यांच्या मागे कडुलिंबाचं एक झाड होतं. त्याखाली त्यांनी वाळक्या गवताची कोपी उभारली. दगडांऐवजी चुना लावलेले पाच मोठे नट मांडले, पाच इंजिनांचे. तिथल्याच चवळीची आणि शेंगदाण्याची भज्जी केली. आंबील चाखून अबेना म्हणाली, "ही तर आमच्या आंबवलेल्या मक्याच्या केंकीची बहीण." मग दाजी गडवा घेऊन कुंपणाकडेनं आंबील शिंपडत निघाले. पहारेकऱ्यानं अडवलं आणि हे काय म्हणून विचारलं. दाजी म्हणाले, "मदर अर्थ. लंच." त्यानं टोपी काढून वाट दिली.

नेमकं त्याच दुपारी तीन नंबरचं इंजिन दोन दिवसांच्या विश्रांतीला जायचं होतं. नळ्यांना ऊब देणारी वाफसुद्धा बंद होणार होती. दाजी मध्येच येऊन वाल्व्ह फिरवून गेले. खालून काचेतून मला खूण केली, झालं. मी पॅनलवर बघितलं, डिझेलचा दाब आला होता. ते नळीवर हात ठेवायला वळले, तेवढ्यात मी वरून खूण केली, तुम्ही जा, मी आहे. ते कधी जात नसत. पण त्या दिवशी तिकडे पंचवीस माणसं पानं मांडून बसली होती आणि मेव्हणा सुशिक्षित होता. गेले.

मी थांबलो. किती थांबलो ते आजही शपथेवर सांगू शकतो. चार मिनिटं. त्या चारातही दोनदा खिडकी उघडून वास घेतला. कोरड्या वाऱ्याबरोबर फोडणी येत होती. मी मनात म्हटलं, एवढं मोठं इंजिन, त्याला अकरा मिनिटांचं काय? आणि बटण दाबलं.

रजिस्टरात 'डिझेलवर १५ मिनिटं' ही नोंद आधीच होती. सकाळी आठलाच लिहून टाकली होती. ही माझी कॉलेजपासूनची सवय. प्रयोगवहीतली रीडिंगं मी प्रयोगाच्या आदल्या दिवशी लिहीत असे आणि मला नेहमी पैकीच्या पैकी मिळत.

भज्जी अप्रतिम झाली होती, हेही सांगून टाकतो. जेवणानंतर दाजींनी रीतीप्रमाणे, गप्पांच्या नादातच, वाल्व्ह परत काळ्या तेलाकडे वळवून ठेवला, त्यामुळे मागे काही खूण उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुसरं एक इंजिन बिघडलं आणि फोन आला, तीन नंबर आत्ताच्या आत्ता चालू करा. तीन नंबर हूं की चूं करेना. नळ्या खोलल्या तर आत तेल मेणासारखं बसलेलं. ते शेगड्या लावून वितळवण्यात चार दिवस गेले. चार दिवस बंदराजवळची वस्ती पाळीपाळीनं अंधारात. मासे ठेवायच्या शीतगृहाच्या बायका फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या उभ्या होत्या.

मॅनेजरनं सगळ्यांना बोलावलं. टेबलावर रजिस्टर उघडं. मी तोंड उघडणार होतो. हे मी सहा वर्षं स्वतःला सांगत आलोय, की मी उघडणारच होतो. पण दाजी आधी उठले. रजिस्टरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "फिफ्टीन मिनिट रिटन. मीन्स व्हाल्व्ह नॉट टर्न. आय फर्गेट." मग माझ्याकडे वळून मराठीत, हळूच, "इसरलो की रे मी."

मला भरून आलं. वाटलं, काय हा माणूस! बायकोच्या गावच्या पोरासाठी सगळं अंगावर घेतलं. मी मान खाली घातली आणि ती फार सोयीची जागा आहे असं मला आढळलं.

मॅनेजर दाजींना सोडायला तयार नव्हता. पुढच्या कराराचा कागद त्यानं समोर ठेवला. दाजींनी सही केली नाही, घरी जातो म्हणाले. विमानतळावर मी सगळ्यांदेखत त्यांचे पाय धरले. "दाजी, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत..." दाजी चमकले. "काय केलं? उंडे खाऊ घातले. ऊठ, लोक बघून राहिलेत." हा मी त्यांचा मोठेपणा समजलो.

पुढे मीही परतलो. आता नांदेडला लोकांच्या छतांवर सोलर बसवून देतो. दाजींशी फोनवर चेष्टा चाले. "तुझ्या इंजिनाला ना तेल, ना आवाज. त्याला हात लावून माणसानं बघावं तरी काय?" भेट मात्र मागच्या वर्षीच झाली. लातूरला काम निघालं, तसाच त्यांच्या घरी गेलो. कंधारच्या ताईंनी दार उघडलं आणि मला आयुष्यात पहिल्यांदा बघूनही "आलास का रे भाऊ" असं म्हणाल्या.

चहा झाला. दाजींनी गॅसचं बटण बंद केलं. मग पुन्हा बघितलं. मग हाक मारली, "अगं, बंद केलंय. गवाही ऱ्हा."

ताई आतून म्हणाल्या, "हाव. मी हाय गवाही."

पाण्याच्या मोटारीचं बटण, तीच तऱ्हा. कडीला कुलूप, तेच. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाले, तर दोनदा परत येऊन बघून गेले. शेजारचं पोरगं ओट्यावरून ओरडलं, "गवाही हाय हो, काका!" आणि सगळे हसले. मीही हसलो. मला वाटलं, म्हातारपणाची गंमत.

ते गेल्यावर ताई म्हणाल्या, "हसू नको भाऊ. पयलं असं नव्हतं. तिकडून आले तवापासून हे. कारखान्यातले दोनदा बोलवायला आले, टर्बाइनवर या म्हणून. चिपाडावर लाईट करतेत ना तिथं. न्हाई म्हनले. मला एकदाच म्हनले, माझे हात आता इसरतेत."

तेव्हा मला कळलं. दाजींनी कुणाला पाठीशी घातलं नव्हतं. रजिस्टरात पंधरा लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं खोटं असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या हातांवर अविश्वास दाखवला. माझ्या हस्ताक्षरावर विश्वास ठेवायला त्यांना तेवढा एकच मार्ग होता.

ते दूध घेऊन आले. मी "दाजी," म्हणालो. ते "काय मेव्हणे?" म्हणाले. मी म्हणालो, "दूध चांगलंय." आणि निघालो. चाकूरला बस थांबली तेव्हा समोरच लातूरची बस लागलेली होती. मी खाली उतरलो, मिरचीभजी खाल्ली आणि पुन्हा नांदेडच्या बसमध्ये चढलो. असा मी.

मला परत पाठवलं ते अबेनानं. ती आता तिथली शिफ्ट इनचार्ज आहे. एक दिवस तिनं फोनवर फोटो पाठवला. इंजिन हॉलची भिंत नवी रंगवली होती आणि तीन नंबरच्या वर लाल इंग्रजी अक्षरांत मोठी पाटी: 'दाजी करू नका. पंधरा मिनिटं.' खाली तिनं प्रेमानं लिहिलं होतं, "नवी मुलं इथे डिझेल विसरली की आम्ही म्हणतो, याने दाजी केला. बघ, ते अजून आमच्यात आहेत. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे ना? तू जाऊन दाखव. खूष होतील."

दोन दिवसांनी परत विचारलं, "दाखवलास?" चौथ्या दिवशी नुसतं प्रश्नचिन्ह.

गेलो. दाजी खाली बसून सुपात ज्वारी निवडत होते. पाच इंजिनांचा धनी. त्यांनी हे काम का घेतलं असेल ते आता कळत होतं. राहिलेला खडा सुपात दिसतो तरी.

"दाजी, तीन नंबर."

"काय तीन नंबर?"

"त्या येळवशीला तुम्ही वाल्व्ह फिरवला होता."

"न्हाई. इसरलो होतो."

"फिरवला होता. मी पॅनलवर डिझेलचा दाब बघितला. पंधरा मिनिटं मी थांबलो नाही. चारात बंद केलं."

"रजिस्टरात पंधरा हाय की."

"ते सकाळी आठलाच लिहून ठेवलं होतं."

बोटं ज्वारीत फिरत राहिली. एक खडा सापडला, तो बाजूला ठेवला.

"दाब किती दिसला?"

"सात."

"सात? पाच न्हाई? नीट आठव."

"सात, दाजी. काटा स्थिर होता."

"सात म्हंजी पुरा उघडला होता," दाजी म्हणाले. मला नव्हे, सुपाला. "अर्धा न्हाई. पुरा." मग मोठ्यानं, "अगं, ऐकलं का? पुरा उघडला होता मी!"

ताई दारातच उभ्या होत्या. सगळं ऐकलं होतं. दाजी सूप घेऊन उठले आणि पुढच्या क्षणी निवडलेली न निवडलेली सगळी ज्वारी माझ्या डोक्यावर आली. शर्टाच्या आत गेली, खिशात गेली. दाजी ओट्यावर जाऊन उभे राहिले, पाठ करून.

ताई केरसुणी घेऊन आल्या. झाडता झाडता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सहा वर्षं मी गवाही देऊन राहिले रे. दिवसातून दहादा. लोक हसायले, मी बी त्यांच्यासंगं हसायले." थोड्या वेळानं म्हणाल्या, "जेवून जा. माहेरचं माणूस उपाशी जात न्हाई." पण ताट वाढलं ते आदळूनच.

मी अजून एक बाकी होतं ते केलं. ओट्यावर जाऊन फोटो दाखवला. दाजींनी फोन लांब धरून एकेक अक्षर वाचलं. दोनदा वाचलं.

"हे तिथं सगळे बघतेत?"

"हो."

"नवी पोरं बी?"

"हो."

दाजींनी फोन माझ्या हातात परत ठेवला. म्हणाले, "मला एकट्याला सांगून काय झालं? हितं मला कोण काय म्हनतंय? जा, तिकडं सांग. आत्ताच."

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. अबेना ड्युटीवर होती. मागे पिवळी हेल्मेट घातलेली सात-आठ पोरं. "दाजी!" म्हणून तिनं किंकाळी फोडली. मी म्हणालो, थांब. आणि दाजींच्या ओट्यावर, अंगावर ज्वारीचे दाणे घेऊन, सगळं इंग्रजीत सांगितलं. चार मिनिटं, भज्जी, सकाळचे आठ. एक पोरगं फिदकन हसलं. अबेनानं हात वर केला तसं गप्प झालं.

"रजिस्टर कसं भरायचं," ती म्हणाली, "हे मला तूच शिकवलंस."

मग तिनं फोन जवळ घेतला. आवाज बदलला होता. "दाजी, ती पाटी मी रंगवली. माझ्या हातानं."

दाजींनी तळहात खाली दाबला, लोड कमी कर. "हळू," म्हणाले. "हळू, मंगळाबाई. तुला काय म्हाईत होतं?"

पुढच्या रविवारी मी परत लातूरला होतो. बोलावलं नव्हतं. दाजी घरी नव्हते. ताई म्हणाल्या, "कारखान्यावर गेलेत. नुसतं बघून येतो म्हनले. सकाळी आठाला गेलेत, आता तीन वाजलेत." एवढं म्हणून त्या चक्क हसल्या. मला चहाही मिळाला, न आदळता.

चारला दाजी आले. कोपरापर्यंत ग्रीस. मला बघून म्हणाले, "तिथलं टर्बाइन कोण सांभाळतंय कुणाला ठाऊक. तुझ्यासारखाच कुणी शिकलेला असावा."

तेवढ्यात अबेनाचा फोटो आला आणि पाठोपाठ तिचा कॉल. तीन नंबरवरची भिंत पुन्हा रंगवली होती. तेवढीच मोठी अक्षरं, तोच लाल रंग: 'मेव्हणे करू नका. पंधरा मिनिटं.'

दाजींनी पाटी वाचली. मिशा हलल्या. मग चेहरा गंभीर करून फोनमध्ये म्हणाले, "अबेना, नॉट गुड. मेव्हणे, माय वाइफ ब्रदर. फॅमिली. नेम ऑन वॉल, नॉट गुड. यू रिमूव्ह."

"नो, दाजी," अबेना म्हणाली. "वन इयर."

दाजींनी ताईकडे बघितलं. ताईंनी पदर तोंडाला लावला होता. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"ओके," म्हणाले. "वन इयर." आणि फोन माझ्या हातात देत, ग्रीसचा पंजा माझ्या खांद्यावर ठेवत म्हणाले, "बघ मेव्हणे, मी बोललो तुझ्यासाठी. पोरगी ऐकतच न्हाई."